बसायला जागा

मथुराबाई गेल्या त्याच्या चौथ्या दिवशी दुखवटा नवव्या मजल्यावरून खाली उतरला आणि जुन्या शाळेत जाऊन बसला. तो उतरवला रावसाहेबांनी, कुणालाही न विचारता. न विचारता करणं ही त्यांची जन्माची खोड होती, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

रविराजला तर कशाचंच नवल वाटत नव्हतं. आई गेल्यापासून त्याला सगळं भिंतीपलीकडून यावं तसं ऐकू येत होतं. माणसं येत, खांद्यावर हात ठेवत, बसत. कुणी चहा दिला की तो पिई, नाही दिला तर त्याला आठवत नसे. सकाळी आप्पांनी, म्हणजे रावसाहेब चुलत्यांनी, दंडाला धरून ‘चल’ म्हटलं तेव्हा कुठे हे विचारायचंही त्याला सुचलं नाही. लिफ्ट, गेट, नगर रोडचे हॉर्न, आणि मग एकदम गार सावली. नीट बघितलं तेव्हा तो पहिलीच्या वर्गात एका बुटक्या निळ्या खुर्चीवर बसला होता आणि गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकले होते. गेल्या साली गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला मांडी घालता येत नसे, आणि मोठ्या माणसाच्या मापाची खुर्ची त्या शाळेत एकही उरली नव्हती.

बाकी सगळे खाली सतरंजीवर होते. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. वर कौलांत दोन काचेची कौलं होती, त्यांतून उन्हाचे दोन चौकोन खाली उतरले होते आणि माणसं नकळत त्यांच्या कडेकडेने बसली होती. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, फिक्या पिवळ्या. त्यांवर रावसाहेबांच्या सुनेने, तनुजाने, कमरेच्या उंचीवर मासे काढले होते. मोठ्या माणसाला ते दिसायचेच नाहीत. पण रविराजच्या नेमके डोळ्यांसमोर होते. तो बराच वेळ एका माशाकडे बघत बसला. मासा कुठेच चालला नव्हता, आणि ते त्याला फार बरं वाटत होतं.

ही जागा रविराजच्या आजोबांनी, गेनबांनी, शाळेला तोंडी दिलेली. वाघोलीत तेव्हा तोंडाला किंमत होती. पुढे वाघोली पुण्यात गेली, शाळा रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेली आणि जागा परत घराकडे आली, अर्धी रावसाहेबांकडे, अर्धी धाकट्या पातीच्या मथुराबाईंकडे. तनुजाने तिथे लहान मुलांचं केंद्र काढायचं मनावर घेतलं. सकाळी दोन ते पाच वर्षांची मुलं. दुपारनंतर गावातल्या कुणालाही बसायला, भेटायला, बारसं करायला जागा. तिचा नवरा विश्वजीत, त्याला त्याच जागेवर सहा मजले हवे होते. सासरा सुनेकडून, नवरा बायकोविरुद्ध, आणि मधे मथुराबाई. त्या दोन वर्षं दोघांनाही ‘बघू’ म्हणत राहिल्या. ‘बघू’ म्हणजे होच, असं धरून तनुजाने भिंती रंगवल्या. ‘बघू’ म्हणजे नाहीच, असं धरून विश्वजीतने नकाशा काढून घेतला. आणि बाई कुणाच्याच कागदावर सही न करता निघून गेल्या. आता सही रविराजची लागणार होती.

ती त्याने देऊनही टाकल्यासारखीच होती. हॉस्पिटलच्या जिन्यात, तीन रात्रींच्या जागरणानंतर, तो विश्वजीतला म्हणाला होता, “दादा, तू म्हणशील तिथे सही करतो. फक्त आत्ता काही विचारू नकोस.” विश्वजीतला एवढं पुरे होतं. पडत्या फळाची आज्ञा त्याला नेहमीच आधी ऐकू येई.

तो आत्ता शेजारीच उकिडवा बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “दहा वाजता तनुजाने बोलावलेल्या बायका येणारेत. पोरं घेऊन, केंद्र बघायला.”

“वहिनी रद्द करणार होत्या ना?” रविराजने विचारलं.

“मलाच सांगितलं होतं ग्रुपवर टाकायला. ती इथे सगळ्यांचा चहा-पिठलं बघतेय, तिला कुठे वेळ?”

“मग?”

“राहिलं.” विश्वजीत आपल्या नखांकडे बघत म्हणाला. “येऊ देत. हे सगळं बघतील आणि आल्या पावली जातील. आपल्याला तोंड वाईट करायला नको. दहावा झाला की कागद करून टाकू.”

हे वाईट आहे, असं रविराजला वाटलं. वहिनीने नऊ महिने या खोलीच्या फरश्या घासल्या होत्या. काहीतरी बोलायला हवं होतं. पण न बोलणं फार सोपं होतं, आणि शिवाय त्याच्या मनात एक आढी होती. येणाऱ्या बायका त्याच्याच टॉवरमधल्या. आईचा देह घरातून निघाला त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता, की नवव्या मजल्यावरची गर्दी आणि पॅसेजमधल्या चपला रहिवाशांना त्रासदायक होत आहेत, कृपया कार्यक्रम हॉलमध्ये करावेत. कार्यक्रम! ज्या वावरात आई चाळीस वर्षं खुरपली त्याच वावरावर तो टॉवर उभा होता. आणि आता त्यांच्या पोरांना आपली शाळा द्यायची? येऊ देत आणि जाऊ देत, असं म्हणून तो पुन्हा माशाकडे बघू लागला.

“भिंतीला कसला रंग दिलाय ह्यो,” पलीकडे विमलआत्या म्हणत होत्या. मथुराबाईंची ही नणंद. रीतीभातीच्या बाबतीत तिच्यापुढे भटजीसुद्धा जपून बोलत. “हळदीचा रंग. दुखवट्याला बरा दिसतो व्हय?”

“मग काय काळा द्यायचा?” रावसाहेब म्हणाले. “बसायला अंगण कुणाला उरलंय, विमल? माझं गेलं, तुझं गेलं. मथुराच्या दारात चार माणसं उभी राहिली तर लिफ्टवाला मोजतोय. म्हणून म्हणलं, इथं. चार भिंती हायेत, वर कौल हाय.”

“पण पोरांच्या शाळेत...”

“पोरांची व्हायची हाय अजून. झाली म्हंजी बघू.”

तेवढ्यात बाहेर फाटकाची कडी वाजली आणि बायकांचे आवाज आले. तनुजा स्वयंपाकाच्या खोलीतून हात पुसत आली, दारात थबकली, बाहेर बघितलं आणि मग वळून नवऱ्याकडे बघितलं.

“टाकलं होतंत ना तुम्ही ग्रुपवर?”

“राहिलं गं गडबडीत.”

“राहिलं,” तनुजा म्हणाली. तिने पदर खोचला. “छान. तुमचं काही राहत नाही, अहो. राहायचं तेवढंच राहतं.”

एवढ्या माणसांत ती याहून जास्त बोलणार नव्हती, आणि विश्वजीतलाही ते ठाऊक होतं. पण तिचा चेहरा उतरला. नऊ महिन्यांचं काम चार मिनिटांत पाण्यात जाताना बघायचं आहे, हे तिला कळलं होतं.

“वाईच थांब,” रावसाहेबांनी सुनेला सांगितलं. “येऊ दे की त्यांना. त्या बसायला आल्यात, आमी बी बसायलाच आलोय.”

“सुतकात पोरं?” विमलआत्या म्हणाल्या.

“पोरांना कसलं सुतक?”

सहा बायका आल्या होत्या. चौघींनी ओट्यावरूनच आत डोकावलं, पांढरी लुगडी आणि टोप्या बघितल्या, मुलांचे हात घट्ट धरले आणि ‘नंतर येऊ’ असं पुटपुटत परत फिरल्या. विश्वजीतने रविराजकडे बघून भुवई किंचित उंचावली. एक जण गेली नाही, कारण मुलाच्या पायांतून काढलेले बूट तिला परत घालता येईनात. आणि एक जण गेली नाही, कारण तिची मुलगी तिचा हात सोडून केव्हाच आत शिरली होती.

“साई! साई, इधर आ,” ती दारातून म्हणाली. मग तिने रविराजला ओळखलं आणि तिचा चेहरा पडला. पाचव्या मजल्यावरची ऋतिका. कमिटीतली. मेसेजखाली तिचंच नाव होतं.

“अंकल... तुम्ही इथे?”

“पॅसेजमध्ये नको म्हणालात ना,” रविराजची बायको दीपाली बायकांच्या घोळक्यातून म्हणाली. आवाज अगदी शांत. “म्हणून इथे.”

ऋतिका तशीच उभी राहिली. “मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. तिचं मराठी जपून पावलं टाकणारं होतं. ती इंदूरकडची. “मी ऑफिसमध्ये होते. कुणीतरी चपलांचा फोटो टाकला, चाळीस-पन्नास चपला. मला वाटलं फंक्शन आहे. मी मेसेज टाकून दिला. नंतर वॉचमनने सांगितलं आजी गेल्या. मग मला वर यायची हिंमतच नाही झाली. सॉरी. खरंच.”

मग रावसाहेब म्हणाले, “चपलांवरनं कळतं की, बाई. लग्नाच्या चपला एकमेकींवर चढलेल्या असत्यात. दुखवट्याच्या ओळीनं असत्यात. पुढल्या येळंला बघ.”

हे रागावणं होतं की शिकवणं, ते ऋतिकाला कळलं नाही. पण तिने मान डोलावली. तनुजा पुढे झाली. तिच्यातली बाई मागे सरली होती आणि शिक्षिका पुढे आली होती.

“ऋतिका, तू बाहेर ओट्यावर बस. दार उघडंच राहील. पहिले काही दिवस आई ओट्यावर आणि मूल आत, अशीच पद्धत ठेवणार आहे मी. तिला यायचं असेल तेव्हा ती येईल तुझ्याकडे.”

साई तोवर उन्हाच्या चौकोनात उभी राहून आपली सावली बघत होती. तीन वर्षांची, दोन शेंड्या, हातात एकच मोजा. एवढी माणसं गप्प बसलेली तिने कधी पाहिली नसावीत, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. तिने खोलीत एकदा नजर फिरवली आणि खुर्चीवर बसलेला तो एकच माणूस बघून सरळ त्याच्याकडे आली. शेजारची पिवळी खुर्ची ओढून तिच्यावर बसली.

“तू पण नवीन आहेस?” तिने विचारलं.

रविराजने मान हलवली. काय म्हणून हलवली ते त्यालाही माहीत नव्हतं.

“मी पण.” थोडा वेळ दोघं माशाकडे बघत होते. “तुझी आई कुठे आहे? बाहेर बसलीय?”

बायकांतलं कुणीतरी ‘अगं बाई’ म्हणालं. रविराजने ते ऐकलं नाही. त्याने खिडकीकडे बघितलं, आणि खिडकीत आई होती.

म्हणजे पाठ होती. हिरव्या लुगड्यातली पाठ आणि कोपरापासून पुढचा एक हात, जो सारखा हलत होता. पहिलीत घातलं तेव्हा तो इतका रडला होता की गुरुजींनी दोनदा घरी पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी मथुराबाई मेथीचा भारा डोक्यावर घेऊन त्याच्या मागोमाग शाळेत आल्या आणि ओट्यावर बसल्या. तिथेच जुड्या बांधायच्या. दुपारी टेंपो यायचा, जुड्या मार्केट यार्डात जायच्या. आत रविराज पाटीवर काहीबाही गिरवी आणि दर ओळीला मान वर करून बघे, हात हलतोय का. हलत असे. अख्खं गाव हसलं. गेनबाही एकदा ओट्याशी येऊन म्हणाले, “सूनबाई, शाळंत पोरगं जातंय का तू?” आणि आई, जी सासऱ्यापुढे कधी तोंड उघडत नसे, ती जुडी बांधता बांधता म्हणाली होती, “दोघं जातोय.”

एक महिना. मग एक दिवस त्याने मान वर केली आणि ओटा रिकामा होता, आणि आपण रडलो नाही हे त्याला घरी गेल्यावर आठवलं.

“हो,” तो साईला म्हणाला. “बाहेर बसायची.”

“माझी पण बसलीय,” साई समाधानाने म्हणाली आणि मोजा पायात घालायच्या खटपटीला लागली.

तिच्यापाठोपाठ ते दुसरं मूलही आत आलं. कुणी त्यांना हटकलं नाही, कुणी लाडही केले नाहीत. तनुजाने लाकडी ठोकळ्यांची टोपली सतरंजीच्या मधोमध आणून ठेवली. दुखवट्याला आलेली माणसं जशी बसतात तशी बसून राहिली, मधेच एखादा उसासा, मधेच मथुराबाईंच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण, आणि या सगळ्याच्या मधे ठोकळ्यांचा आवाज. एकदा एक मनोरा पडला तेव्हा मथुराबाईंची भाजी घेणाऱ्या टोपीवाल्या म्हाताऱ्यांनी तो उचलून पुन्हा लावला, न बोलता, जणू तेवढ्यासाठीच मार्केट यार्डातून आले होते. रविराजला वाटलं, हे स्वप्न असेल तर असू दे. कुणी उठवू नये.

बऱ्याच वेळाने तो चुलत्यांकडे वाकला. “आप्पा, आई सही का करत नव्हती? कुणाच्याच कागदावर?”

रावसाहेबांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. “म्या इचारलं होतं की. दिवाळीत. म्हणलं, मथुरे, माझ्या सुनंला दे न्हाईतर माझ्या पोराला दे, पर काय त्ये एकदा सांग. तर म्हणली, जागा कागदावर माझी आसंल, पर तिथं बसून रडलाय रविराज. त्यालाच पुसा. त्यो म्हणंल ते.”

“मला कधीच बोलली नाही.”

“तू कवा तिच्यापाशी बसलास?” रावसाहेब म्हणाले, आणि मग आपण जास्त बोललो असं वाटून त्यांनी पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ काढला नाही.

रविराजने विश्वजीतकडे बघितलं. तो दाराशी फोनवर कुणाला तरी ‘दहाव्यानंतर, दहाव्यानंतर’ सांगत होता. दादा वाईट नव्हता. आई आजारी असताना गाडी घेऊन रात्रंदिवस तोच उभा होता. त्याला शब्द दिला होता, आणि गेनबांच्या घरात दिलेला शब्द फिरवणं म्हणजे काय, हे रविराजला कुणी शिकवायला नको होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तो नुसता बसून राहिला.

बारा वाजत आले. उन्हाचे चौकोन सरकत काचेच्या कौलांच्या थेट खाली आले आणि माणसं एकेक करून उठू लागली. दुखवट्यातून उठताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही. नुसते हात टेकतात, उठतात, चपला शोधतात आणि मागे न बघता जातात. पुन्हा यायचा प्रसंग येऊ नये, म्हणून. बसणारेही ‘या’ म्हणत नाहीत. खोली तशीच, आवाज न करता, रिकामी होत गेली.

ओट्यावरून ऋतिका आत आली. तिने साईला उचलायला हात पुढे केले. तनुजा मुलांना पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवायची ठरवून बसली होती, आणि मघाशी ठोकळे आवरताना तिने ती साईला शिकवलीही होती. साईने आईचे हात बाजूला सारले, खुर्चीवरून उतरली, खुर्ची भिंतीला लावली आणि रविराजसमोर येऊन मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली,

“येते मी.”

उठणारी माणसं होती तिथे थांबली. विमलआत्यांचा हात तोंडावर गेला. तनुजाने डोळे मिटले. एवढं सगळं सांभाळलं आणि नेमकं हे. ऋतिकाला काय झालं ते कळेना, पण काहीतरी झालं एवढं कळलं. “साई, चल,” ती हळूच म्हणाली. साई हलली नाही. ‘येते’ म्हटल्यावर समोरच्याने काहीतरी म्हणायचं असतं, हेही तिला शिकवलेलं होतं. ती वाट बघत उभी राहिली.

“ये,” रविराज म्हणाला.

“रविराज!” विमलआत्या म्हणाल्या. “दुखवट्यात कुणाला ये म्हणत न्हाईत.”

“उद्या ये,” तो साईलाच म्हणाला. आवाज त्याला स्वतःला जवळून ऐकू आला, चार दिवसांत पहिल्यांदा. “परवा ये. रोज ये. आणि तुझ्या आईलाही आण. ओटा मोठा आहे.”

साईचं समाधान झालं. ती गेली.

विश्वजीत दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. फोन त्याच्या हातातच राहिला होता. तो रविराजकडे बघत होता आणि रविराज त्याच्याकडे.

“मला शब्द दिला होतास तू,” विश्वजीत म्हणाला.

“दिला होता, दादा. तो फिरवतोय. तुझ्या पाया पडतो, पण फिरवतोय.”

“का पण?”

रविराजला सांगायचं होतं. मेथीचं, खिडकीतल्या हाताचं, आई ‘दोघं जातोय’ म्हणाली त्याचं. त्याने तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी भलताच आवाज बाहेर आला. तो रडत होता. बुटक्या खुर्चीवर, गुडघे पोटाशी, तोंड उघडं, नाक वाहतंय, सगळ्यांदेखत. पन्नाशीला आलेल्या माणसाचं ते रडणं बघवत नव्हतं. दीपाली उठू लागली. विमलआत्या ‘गप, गप रे बाळा’ म्हणत पुढे झाल्या.

“राहू द्या, आत्या,” तनुजा म्हणाली. “पहिल्या दिवसांत गप्प नाही करायचं कुणाला.”

तिने पाण्याचा पेला रविराजच्या पायाशी ठेवला, साईने भिंतीला लावलेली खुर्ची ओढून घेतली आणि त्याच्याशेजारी बसून राहिली.